कोंबड्यांच्या पुढ्यातला भात

नोबेल पारितोषिकांच्या इतिहासात एक पारितोषिक असे आहे की, त्यातला थोडा वाटा कोंबड्यांच्या नावे लिहायला हरकत नसावी. १९२९ सालचे वैद्यकशास्त्राचे पारितोषिक इंग्लंडचे सर फ्रेडरिक हॉपकिन्स आणि हॉलंडचे डॉ. ख्रिस्तियान आइकमन यांना विभागून देण्यात आले. आइकमन यांना ते मिळाले बेरीबेरी या रोगावरील संशोधनाबद्दल. या संशोधनाची सुरुवात कोणत्याही थोर सिद्धांतापासून झालेली नाही. ती झाली जावा बेटावरील एका लष्करी इस्पितळाच्या स्वयंपाकघरात उरलेल्या भातापासून. तो भात कोंबड्यांना घातला गेला आणि कोंबड्या लुळ्या पडल्या. तो बंद झाला आणि कोंबड्या पुन्हा पायांवर उभ्या राहिल्या. आज आपण ज्यांना जीवनसत्त्वे म्हणतो, त्यांच्या शोधाची वाट त्या खुराड्यातून निघाली.

या माणसाविषयी मला कुतूहल वाटू लागले ते माझ्या नोकरीमुळे. आयुष्याची बरीच वर्षे मी बँकेत शेतीकर्जाच्या टेबलावर काढली. त्या काळात कुक्कुटपालनाची कर्जप्रकरणे ढिगाने येत. शेड, पिंजरे, एक दिवसाची पिल्ले, औषधे, वीजबिल असे रकाने भरत गेले की सर्वांत मोठा आकडा यायचा तो खाद्याचा. शंभर रुपयांच्या खर्चात पासष्ट-सत्तर रुपये एकट्या खाद्याचे. मक्याचा भाव चढला की शेडमालकाची झोप उडायची. मग ज्वारी घालू का, तांदळाची कणी चालेल का, सोयाबीनची पेंड कमी करून शेंगदाण्याची वाढवू का, कोंडा किती मिसळू, अशी चर्चा सुरू व्हायची. पाहणीला गेलो की चहाच्या कपाबरोबर ती माझ्याही कानावर पडत असे. एका पशुवैद्यक मित्राने तेव्हा मला आइकमन यांचे नाव सांगितले. कोंबडीच्या पुढ्यातला एक जिन्नस बदलला तर काय होऊ शकते, हे जगाला सर्वांत आधी ज्याने नीट दाखवले तो हा माणूस, असे त्याचे म्हणणे होते. पुढे मिळेल तसे वाचत गेलो आणि त्या म्हणण्यात किती तथ्य आहे ते कळले.

ख्रिस्तियान आइकमन यांचा जन्म ११ ऑगस्ट १८५८ रोजी हॉलंडमधील नायकेर्क या छोट्या गावी झाला. वडील शाळेचे मुख्याध्यापक, घरात मुलांची गर्दी, आणि हे त्यांतले सातवे अपत्य. वर्षभरातच वडिलांची झांडाम येथील नव्या शाळेवर नेमणूक झाली आणि मुलाचे शिक्षण तिथेच झाले. मास्तरांच्या घरातल्या हुशार मुलासमोर त्या काळी जो मार्ग असे तोच त्यांनी धरला. १८७५ साली ते आम्स्टरडॅमच्या लष्करी वैद्यकीय विद्यालयात दाखल झाले. तिथे शिकणाऱ्याने पुढे ईस्ट इंडीजच्या, म्हणजे आजच्या इंडोनेशियाच्या, डच सैन्यात डॉक्टर म्हणून चाकरी करायची असा रिवाज होता. १८८३ मध्ये मज्जातंतूंवरच्या प्रबंधाला सन्मानपूर्वक डॉक्टरेट मिळाली. त्याच वर्षी लग्न झाले आणि हे तरुण जोडपे जावाला निघाले.

पहिली काही वर्षे फार कठीण गेली. सेमारांग, चिलाचाप आणि मग सुमात्रातले एक दूरचे ठाणे अशा नेमणुका होत गेल्या. चिलाचापला मलेरियाने गाठले आणि तो काही पाठ सोडेना. १८८५ मध्ये आजारपणाची रजा घेऊन आइकमन मायदेशी परतले. पुढच्याच वर्षी, १८८६ मध्ये, पत्नीचे निधन झाले. अठ्ठाविसाव्या वर्षी विधुर, प्रकृती खालावलेली, पुढचे काही ठरलेले नाही, अशी त्यांची अवस्था होती. दुसरा एखादा माणूस गावी दवाखाना थाटून बसला असता. हे गृहस्थ बर्लिनला गेले आणि रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेत जंतुशास्त्र शिकू लागले.

त्या वेळी कॉख यांचे नाव युरोपभर गाजत होते. १८८२ मध्ये त्यांनी क्षयाचा जंतू दाखवला होता आणि त्यापाठोपाठ पटकीचा. प्रत्येक रोगामागे एक जंतू असणार आणि तो सापडला की रोग हाती आला, अशी त्या पिढीच्या डॉक्टरांची श्रद्धा होती. ती वावगीही नव्हती, कारण पुरावे रोज मिळत होते. बर्लिनमध्येच आइकमन यांची गाठ पेकेलहारिंग आणि विंकलर या दोन डच शास्त्रज्ञांशी पडली. हे दोघे सरकारी मोहिमेवर ईस्ट इंडीजला निघाले होते. काम होते बेरीबेरीचे कारण शोधण्याचे. आइकमन त्यांचे साहाय्यक म्हणून पुन्हा जहाजात बसले.

बेरीबेरी हे नाव आपल्याकडे आज शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकापुरते उरले आहे. तेव्हा ते आशियातल्या बंदरांत, छावण्यांत आणि तुरुंगांत धडकी भरवणारे नाव होते. आधी पाय जड होतात, मुंग्या येतात, पोटऱ्या दुखतात. मग चालणे डगमगते, पाय लुळे पडतात. काहींच्या अंगावर सूज चढते, धाप लागते आणि हृदय अचानक बंद पडते. सुमात्राच्या उत्तरेला आचे प्रांतात १८७३ पासून डचांचे युद्ध चालू होते. तिथे पाठवलेले सैनिक आणि ओझी वाहायला नेलेले कैदी या रोगाने आडवे पडत होते. सरकारला चिंता होती ती मुख्यतः युद्धाची. मोहीम आखली गेली ती त्या चिंतेतून.

पेकेलहारिंग आणि विंकलर यांना रुग्णांच्या रक्तात एक जंतू आढळला असे वाटले. बराकी निर्जंतुक करा, असा सल्ला देऊन १८८७ मध्ये ते परतले. जाताना त्यांनी बटाव्हियाच्या, म्हणजे आजच्या जाकार्ताच्या, लष्करी इस्पितळातली तात्पुरती प्रयोगशाळा कायम करावी अशी शिफारस केली. १५ जानेवारी १८८८ पासून आइकमन तिचे पहिले संचालक झाले. जावातील तरुणांना वैद्यकी शिकवणाऱ्या विद्यालयाची जबाबदारीही त्यांच्याकडे आली. याच वर्षी त्यांनी दुसरे लग्न केले. जागा बेताची आणि पैसा मोजका. मात्र काम करायला मोकळीक होती.

जंतू शोधायचा तर तो प्राण्याला टोचून रोग उमटतो का ते पाहायला हवे. सशांवर, कुत्र्यांवर काही जमेना. मग त्यांनी कोंबड्या घेतल्या, कारण त्या स्वस्त होत्या आणि थोड्या जागेत मावत. १८८९ मध्ये या कोंबड्या खरोखरच आजारी पडू लागल्या. आधी चालीत झोक जायचा, मग दांडीवर बसता येईना, पाय फाकून जमिनीवर बसकण, शेवटी एका अंगावर पडून मान मागे वळायची, श्वास कोंडायचा, तुरा निळसर व्हायचा आणि कोंबडी मरायची. मेलेल्या कोंबडीचे मज्जातंतू तपासले तर बेरीबेरीच्या रुग्णासारखीच मोडतोड दिसे. आइकमन यांना वाटले, जंतू सापडला! पण गोम अशी की, ज्या कोंबड्यांना काहीच टोचले नव्हते त्याही तशाच लुळ्या पडत होत्या. त्यांना दूर वेगळ्या जागी ठेवून पाहिले, तरीही तेच. आणि मग नोव्हेंबरच्या अखेरीस रोग जसा आला तसा निघून गेला. आजारी कोंबड्या बऱ्या झाल्या आणि नव्या आजारी पडेनात.

दुसरे कोणी असते तर साथ ओसरली म्हणून वही मिटली असती. आइकमन यांनी विचारपूस केली की, या दिवसांत खुराड्यात काय बदलले? तेव्हा कळलेली हकीकत मोठी गमतीची आहे. कोंबड्या सांभाळणाऱ्या मदतनिसाने खर्च वाचवण्यासाठी इस्पितळाच्या स्वयंपाकघराशी संधान बांधले होते. जूनपासून तो तिथला उरलेला भात कोंबड्यांना घालत होता. हा भात रुग्ण सैनिकांसाठी शिजवलेला, पहिल्या प्रतीच्या पांढऱ्याशुभ्र तांदळाचा. नोव्हेंबरात आचारी बदलला. नव्या आचाऱ्याला हा प्रकार पसंत पडला नाही. लष्कराचा तांदूळ मुलकी कोंबड्यांनी का खावा, असा त्याचा नियमाचा मुद्दा होता. भात बंद झाला आणि कोंबड्यांच्या पुढ्यात पुन्हा आधीचा हलका, न सडलेला तांदूळ पडू लागला. सरकारी कचेरीतले नियम मी भरपूर पाहिले आहेत. एखाद्या आडमुठ्या नियमाने मानवजातीवर एवढे उपकार केल्याचे दुसरे उदाहरण मला ठाऊक नाही.

इथून पुढचे काम मात्र योगायोगाचे नाही, घाम गाळण्याचे आहे. भातातच काही खोट असेल का? पाणी खराब असेल? शिळा झाला म्हणून? आइकमन यांनी एकेक शक्यता घेऊन कोंबड्यांचे गट पाडले. कच्चा पांढरा तांदूळ घातला तरी तीन-चार आठवड्यांत कोंबडी लुळी पडे. तूस काढलेला, पण वरचा तांबूस पापुद्रा शाबूत असलेला तांदूळ घातला तर ती ठणठणीत राही. पांढऱ्या तांदळात कोंडा मिसळला तरी रोग होत नसे. झालेला रोगही कोंड्याने बरा होई. कोंडा पाण्यात भिजवून ते पाणी पाजले तरी गुण येई. म्हणजे गिरणीत जे खरवडून बाजूला टाकले जाते, जे माणसाच्या ताटाला अयोग्य म्हणून जनावरांच्या वाट्याला जाते, त्यात काहीतरी प्राण वाचवणारे होते.

भाताची गोष्ट इथे थोडी उलगडून सांगायला हवी. शेतातून येते ते भात. त्यावरचे टणक तूस काढले की आत तांबूस तांदूळ मिळतो. हा तांबूस पापुद्रा आणि दाण्याच्या टोकाचा अंकुर खरवडला की पांढरा तांदूळ उरतो आणि खाली कोंडा पडतो. घरोघरी उखळ-मुसळाने सडत असत तेव्हा पापुद्रा पूर्ण निघत नसे. एकोणिसाव्या शतकात वाफेवरच्या गिरण्या आल्या आणि तांदूळ मोत्यासारखा दिसू लागला. तो जास्त टिकू लागला, चांगला भाव मिळवू लागला आणि प्रतिष्ठेचा झाला. छावणी, तुरुंग, जहाज, खाण अशा ठिकाणी, जिथे एकच शिधा शेकडोंना वाटायचा, तिथे हाच तांदूळ जाऊ लागला. बेरीबेरी त्याच्या मागोमाग गेला.

कोंबड्यांवरून माणसांविषयी बोलावे कसे, हा प्रश्न राहिलाच. जावाच्या मुलकी वैद्यकीय खात्याचे निरीक्षक आडोल्फ फोर्डरमन यांच्याशी आइकमन यांची या विषयावर बोलणी झाली आणि फोर्डरमन यांनी तुरुंगांची पाहणी हाती घेतली. वेगवेगळ्या भागांतल्या तुरुंगांत स्थानिक रिवाजाप्रमाणे वेगवेगळा तांदूळ देत. फोर्डरमन यांनी जावा आणि मादुरा बेटांवरील १०१ तुरुंगांची, सुमारे २ लाख ८० हजार कैद्यांची नोंद तपासली. न सडलेला किंवा अर्धवट सडलेला तांदूळ देणारे ३७ तुरुंग होते, त्यांतल्या अवघ्या एकात बेरीबेरी आढळला. दोन्ही मिसळून देणारे १३ होते, त्यांतल्या सहांत आढळला. पांढरा तांदूळ देणारे ५१ होते, त्यांतल्या ३६ तुरुंगांत! इमारत जुनी की नवी, जमीन कशी, हवा खेळती की कोंदट, कैद्यांची दाटी किती, हेही त्यांनी मांडून पाहिले. त्यांपैकी कशाचाच मेळ रोगाशी बसेना. बसला तो फक्त तांदळाशी.

आयुष्यभर ताळेबंद तपासलेल्या माझ्यासारख्या माणसाला ही पाहणी फार जवळची वाटते. त्यात नवे यंत्र नाही, औषध नाही. नोंदवह्या उघडायच्या, रकाने आखायचे आणि आकडे काय म्हणतात ते मुकाट्याने वाचायचे, एवढेच काम. पण त्या रकान्यांमागे जी माणसे होती त्यांचा विचार मनातून जात नाही. गावातला गरीब माणूस भाताबरोबर कुठे पालेभाजी, कुठे कडधान्य, कुठे मासळी खात असे आणि नकळत वाचत असे. कैद्याला ती सोय नव्हती. समोर वाढले जाईल ते खायचे किंवा उपाशी राहायचे. खुराड्यातल्या कोंबडीचेही तसेच. अंगणातली कोंबडी उकिरडा उकरून किडा, गवताचे बी, सांडलेला दाणा वेचते आणि आपली उणीव भरून काढते. कोंडलेल्या कोंबडीला ती मोकळीक नाही. तिच्या पुढ्यात जे पडेल तेच तिचे जग. आइकमन यांची कोंबडी आणि फोर्डरमन यांचा कैदी एकाच दुखण्याने पडले, कारण दोघांचेही अन्न दुसऱ्या कोणाच्या तरी हातात होते.

आता आइकमन यांच्या चुकीविषयी. ती झाकून त्यांचे चरित्र सांगता येणार नाही. कोंड्याने रोग बरा होतो हे त्यांनी दाखवले, पण का होतो ते त्यांना कळले नाही. जंतुशास्त्राच्या मुशीतून निघालेले त्यांचे मन विषाचाच शोध घेत होते. तांदळातल्या पिष्टापासून पोटात एखादे विष तयार होत असावे आणि कोंड्यात त्यावरचा उतारा असावा, अशी त्यांची समजूत होती. एखादी वस्तू पोटात गेल्यामुळे नव्हे तर न गेल्यामुळे माणूस मरू शकतो, ही कल्पना त्या काळाला नवी होती. प्रकृतीने पुन्हा दगा दिल्यामुळे १८९६ मध्ये आइकमन कायमचे मायदेशी परतले आणि त्यांचे काम खेरिट ग्राइन्स या तरुण डॉक्टरांकडे आले.

ग्राइन्स यांनीही कोंबड्याच पाळल्या. त्यांना दिसले की, कोंड्याप्रमाणेच मुगानेही कोंबड्या वाचतात. होय, आपले साधे हिरवे मूग. जावातही ते रोजच्या खाण्यात होते. पुढे त्यांना असेही दिसले की, एरवी पोषक असलेले मांस १२० अंशांवर बराच वेळ तापवले की त्याचा गुण जातो आणि नुसत्या त्या मांसावर ठेवलेल्या कोंबड्याही लुळ्या पडतात. पिष्टातल्या विषाचा सिद्धांत इथे टिकत नव्हता. १९०१ मध्ये ग्राइन्स यांनी मांडले की, अन्नात प्रथिने, स्निग्ध पदार्थ, पिष्ट आणि क्षार यांखेरीज आणखी काही द्रव्ये अत्यल्प प्रमाणात असतात आणि ती न मिळाल्यास मज्जातंतू बिघडतात. आज आपण हेच शिकवतो. आइकमन यांना ते पटायला काही वर्षे लागली, पण अखेर त्यांनी ते मान्य केले. स्वतःच्या प्रयोगशाळेत मागे राहिलेल्या कनिष्ठाने आपली उपपत्ती मोडावी आणि आपण ती मोडू द्यावी, ही गोष्ट विद्वानांच्या जगात वाटते तितकी सोपी नसते.

एव्हाना मलायातून आणखी पुरावा येत होता आणि त्यात आपल्या देशाचाही हात होता. क्वालालंपूरच्या मनोरुग्णालयात १९०५-०६ मध्ये डॉ. फ्लेचर यांनी रुग्णांचे दोन गट केले. एकाला सयामहून येणारा पांढरा तांदूळ दिला, दुसऱ्याला हिंदुस्थानी पद्धतीचा उकडा तांदूळ. पहिल्या गटात बेरीबेरीने थैमान घातले, दुसरा जवळजवळ सुखरूप राहिला. मलायातले तमीळ मजूर उकडा तांदूळ खात आणि या रोगापासून दूर राहत, हे तिथल्या डॉक्टरांच्या आधीच ध्यानात आले होते. उकड्या तांदळाचे मर्म असे की, भात तुसासकट उकडले जाते तेव्हा पापुद्र्यातले द्रव्य पाण्याबरोबर आत दाण्यात मुरते. नंतर गिरणीत कितीही सडा, बरेचसे दाण्यातच राहते. कोकणात आणि गोव्यात पिढ्यान्‌पिढ्या उकड्या तांदळाची पेज पिणाऱ्यांना या रसायनाचा पत्ता नव्हता. पण त्यांच्या उखळा-चुलीपाशी जे चालत आले होते त्यात मोठे शहाणपण होते. आपल्याच देशात आंध्रच्या किनारपट्टीवर, जिथे न उकडलेला पांढरा तांदूळ हाच मुख्य आहार होता, तिथे बेरीबेरीने बराच काळ ठाण मांडले होते.

पुढची हकीकत थोडक्यात सांगतो. १९१२ मध्ये कासिमिर फुंक यांनी अशा द्रव्यांना व्हिटामिन हे नाव सुचवले. १९२६ मध्ये बटाव्हियाच्या त्याच प्रयोगशाळेत यान्सन आणि डोनाट या दोघांनी तांदळाच्या कोंड्यातून ते द्रव्य स्फटिकरूपात वेगळे काढले. तपासणीसाठी त्यांनी भातशेतात थव्याने उतरणाऱ्या मुनियाच्या जातीची चिमुकली पाखरे वापरली, कारण त्यांना मात्रा अगदी थोडी पुरे. शेकडो किलो कोंडा उपसल्यावर हाती आले ते चिमूटभरही नव्हे. त्यातले थोडे स्फटिक त्यांनी हॉलंडला आइकमन यांच्याकडे पाठवले आणि म्हाताऱ्या गुरूने कबुतरांवर प्रयोग करून त्यांचा गुण पडताळला. १९३६ मध्ये अमेरिकेत रॉबर्ट विल्यम्स यांनी त्याची रचना उलगडून ते प्रयोगशाळेत तयार केले. ब-१ किंवा थायमिन म्हणतात ते हेच.

आइकमन १८९८ पासून उट्रेख्ट विद्यापीठात आरोग्यशास्त्राचे प्राध्यापक होते. पिण्याच्या पाण्यात मैल्याचे जंतू आहेत का हे ओळखण्याची एक कसोटी त्यांनी काढली. जावात असतानाच त्यांनी आणखी एक समजूत खोडून काढली होती. उष्ण प्रदेशात राहून गोऱ्या माणसाचे रक्त पातळ होते, शरीराचे व्यापार बदलतात, असे मानले जाई. आइकमन यांनी गोऱ्यांचे आणि स्थानिकांचे रक्त, घाम, शरीराची उष्णता मोजून पाहिली आणि तसा काही फरक नाही असे सांगितले. वसाहतीच्या काळात साहेबाचे आणि नेटिवाचे शरीर एकाच मापाने मोजणे, ही साधी बाब नव्हती. १९२८ मध्ये ते निवृत्त झाले. पुढच्याच वर्षी नोबेल जाहीर झाले, तेव्हा स्टॉकहोमला जाण्याइतकी प्रकृती राहिली नव्हती. ५ नोव्हेंबर १९३० रोजी उट्रेख्ट येथे त्यांचे निधन झाले. ग्राइन्स यांना नोबेलमध्ये वाटा मिळाला नाही आणि फोर्डरमन तर १९०२ मध्येच गेले होते. बटाव्हियाच्या प्रयोगशाळेला १९३८ मध्ये आइकमन यांचे नाव देण्यात आले. १९६० च्या दशकात बंद पडून १९९० च्या दशकात ती संस्था पुन्हा उभी राहिली आणि २०२१ मध्ये इंडोनेशियाच्या राष्ट्रीय संशोधन यंत्रणेत विलीन झाली.

आज कोंबडीखाद्याच्या पोत्यावर जी घटकांची यादी छापलेली असते तिच्यात ब-१ बहुधा असतेच. मका, गहू-तांदळाचा कोंडा यांतूनही ते मिळते, त्यामुळे त्याच्या अभावाने लुळी पडलेली कोंबडी आता क्वचितच दिसते. एक अपवाद मला पशुवैद्यक मित्राने सांगितला होता. रक्ती हगवणीवर अम्प्रोलियम नावाचे औषध देतात. त्याची ठेवण थायमिनसारखी असल्याने रोगाचा सूक्ष्म जीव फसतो आणि उपाशी मरतो. पण मात्रा फार वाढवली, फार दिवस चालवली तर कोंबडीही फसते आणि मान मागे टाकून बसते. बटाव्हियाच्या खुराड्यातलाच देखावा, वेगळ्या वाटेने आलेला.

मात्र आइकमन यांचा खरा धडा एका जीवनसत्त्वापुरता नाही. मका आणि सोयाबीन महागले की पर्याय शोधावेच लागतात, आणि ते आहेतही. पण प्रत्येक पर्यायाच्या पोटात काहीतरी दडलेले असते. तांदळाचा कोंडा पौष्टिक, पण त्यात तेल असल्याने गिरणीतून बाहेर पडताच खवट होऊ लागतो. तेल काढून घेतले तर टिकतो, पण ताकद कमी होते. शिवाय त्यातला बराचसा फॉस्फरस कोंबडीला पचत नाही. सरकीच्या पेंडीतल्या गॉसिपॉलने अंड्याच्या बलकाचा रंग बिघडतो. कच्चे सोयाबीन न भाजता घातले तर प्रथिने पचत नाहीत. शेंगदाण्याच्या पेंडीला बुरशी लागली तर त्यात अफ्लाटॉक्सिन हे विष तयार होते. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये अशाच पेंडीने एक लाखाच्या आसपास टर्की पक्षी मेले आणि तेव्हा कुठे या विषाचा शोध लागला. अलीकडे इथेनॉलच्या कारखान्यांतून उरणारा धान्याचा चोथा स्वस्तात मिळू लागला आहे. तो उपयोगी आहे, पण धान्यात बुरशीचे विष असेल तर चोथ्यात ते सुमारे तिप्पट घट्ट होऊन उतरते. यांतला कोणताही जिन्नस वर्ज्य नाही. ज्वारी-बाजरीने, कणीने, कोंड्याने कितीतरी शेड तगल्या आहेत. फक्त भाव पाहून मिश्रण बदलू नये. थोड्या पक्ष्यांना घालून, तीन-चार आठवडे त्यांची चाल, अंडी आणि वजन पाहून मग पुढे जावे. याहून वेगळे आइकमन यांनी काही केले नव्हते.

हीच गोष्ट माणसांच्या ताटालाही लागू आहे. वसतिगृहातली मुले, इस्पितळातले रुग्ण, तुरुंगातले कैदी, वृद्धाश्रमातली माणसे, शाळेत खिचडी खाणारी पोरे, यांपैकी कोणीही आपले जेवण निवडत नाही. त्यांच्यासाठी कोणीतरी निविदा काढते, कोणीतरी धान्य उचलते, कोणीतरी शिजवते. तांदूळ पांढराशुभ्र आहे, पोते वजनाला भरते आहे, एवढ्यावर समाधान मानणारी व्यवस्था जावातही होती. ती दुष्ट नव्हती. उलट आपण पहिल्या प्रतीचा माल देतो आहोत, अशीच तिची प्रामाणिक समजूत होती. तिच्या कैद्यांचे प्राण वाचवणारी वस्तू मात्र गिरणीच्या मागच्या दारी ढिगाने पडलेली होती आणि कवडीमोलाने जनावरांसाठी विकली जात होती.